पंडरीहून प्रवाळांकडे

वाचकहो, आमचे रायपूर समुद्रापासून किती दूर आहे हे जाणून घेण्यासाठी नकाशा उघडण्याचे कारण नाही. येथील तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ज्याच्या दारी समुद्र नाही, त्याने तळ्याच्या लाटांवर आपली हौस भागवावी, यात हसण्यासारखे काही नाही. जवळात जवळचा सागरकिनारा गाठायचा म्हटले तरी आम्हांस पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. अशा गावातील, त्यातही पंडरीच्या कापडबाजारालगत आयुष्य घालविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक वयाच्या बासष्टाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी जाऊन आला, असे सांगितले तर तुम्हांस नवल वाटेल. मला स्वतःलाही अद्याप वाटते.

पंडरी म्हणजे रायपूरचा कापडाचा बाजार. लग्नाचा बस्ता बांधायला दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येथे येतात. २०२१ पर्यंत शहराचे मोठे बसस्थानकही येथेच होते. आता ते भाटागावला गेले. त्यामुळे आमचे सारे बालपण इतरांना प्रवासास निघताना पाहण्यातच गेले. छत्तीसगडात मराठी माणूस कसा, असे कोणी विचारील. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर आले, तेव्हापासून मराठी कुटुंबे येथे येत राहिली. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांनी आणखी आणली. ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक १९०० साली काढून हिंदी पत्रकारितेत अढळ स्थान मिळविणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच होते. आम्ही घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी बोलत वाढलो.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. रायपूर हे तळ्यांचे गाव. नऊ वर्षांचा असताना अशाच एका तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला. घाटावर कपडे धुणाऱ्या एका भल्या माणसाने मला केसांना धरून बाहेर ओढले. जीव वाचला; पण पाण्याची धास्ती मनात कायमची बसली. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाणी आलेले मला कधी सोसले नाही. एवढ्यावर थांबते तरी ठीक होते. परंतु मी ती धास्ती मुलीच्याही पदरात टाकली. तळ्यावर जायचे नाही, नावेत बसायचे नाही, सहलीला गेलीस तर पाण्यापासून दहा हात दूर राहायचे, असे नियम मी तिला घालून दिले. नागपूरला वसतिगृहात असताना ती पोहण्यात तरबेज झाली, हे मला तब्बल चार वर्षांनी कळले. पोहायला शिकल्याचा राग आला नाही. आपल्याला सांगावेसे तिला वाटले नाही, याचे दुःख मात्र झाले.

अशी ही आमची धाकटी गेल्या वर्षी एके रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, मी आणि माझी मैत्रीण पाठीवर सॅक घेऊन थायलंडला जाणार आहोत. कोह ताओ नावाचे बेट आहे. तिथे स्कूबा शिकायचे आहे.”

कोह ताओ म्हणजे कासवांचे बेट. थायलंडच्या आखातातील हे बेट अवघे एकवीस चौरस किलोमीटरांचे. पण पाण्याखाली जाण्याचे शिक्षण घ्यायला जगभरची तरुण मुले तेथे जमतात. बँकॉकहून आगगाडीने अथवा बसने चुंफोनला जायचे, तेथून बोटीने बेटावर, स्वस्तातल्या खोलीत मुक्काम करायचा आणि सकाळी उठून सागरतळाच्या शाळेत जायचे, असा तो क्रम. मी घास हातात धरून ऐकत होतो. ऐकून संपल्यावर “मुळीच नाही” एवढेच म्हणालो आणि पानावरून उठलो.

आठ दिवस घरात अबोला होता. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी तोड काढली. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही ज्याला नाही म्हणता ते एकदा पाहून तर या. मालवणला हे सारे होते म्हणतात. तिच्याबरोबर जा. आल्यावर मग नाही म्हणा, मी मध्ये पडणार नाही.” हा न्याय मला अमान्य करता येईना. रक्तदाबाची गोळी घेत असल्यामुळे डॉक्टरांकडे जाऊन तपासणी केली, त्यांचा दाखला घेतला आणि डिसेंबरात आम्ही निघालो. शेजारच्या कापडदुकानाच्या मालकांनी पायरीवरूनच विचारले, “समुंदर म बुड़े बर जात हव का, गुरुजी?” मी हसलो, पण पोटात गोळा आला तो आलाच.

सामानाची गोष्ट सांगितली पाहिजे. माझी तयारी म्हणजे एक मोठी बॅग, एक वळकटी आणि फराळाचा डबा. मुलीने ते सारे बाजूला सारून मला एक सॅक दिली आणि म्हणाली, “यात मावेल तेवढेच.” दोन जोड कपडे, औषधे, पाण्याची बाटली, टॉर्च, एक चादर, आणि जाड टॉवेलाऐवजी आमच्या पंडरीच्या बाजारातला पातळ गमछा. हा गमछा घडीभरात वाळतो, उन्हात डोक्याला होतो, गाडीत उशीला होतो. पाठीवर सॅक चढवून आरशात पाहिले, तेव्हा पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याची पडशी आठवली. लागेल तेवढेच जवळ ठेवायचे आणि ते आपल्याच अंगावर वाहायचे, ही रीत परदेशातून आली असे आपण समजतो. वास्तविक आपल्या घरात ती शेकडो वर्षे आहे.

रायपूरहून मुंबई अकराशे किलोमीटरांहून अधिक दूर. हावड्याहून येणारी गाडी गोंदिया, नागपूर, वर्धा, भुसावळ, मनमाड अशी मराठी मुलूख आडवा कापत इगतपुरीला येते आणि कसारा घाटातून खाली उतरते. दादरला आम्ही ‘तुतारी एक्स्प्रेस’ धरली. केशवसुतांच्या कवितेचे नाव २०१७ साली या गाडीला देण्यात आले, हे मराठीच्या शिक्षकाला सुखावणारेच होते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी घाटवळणांच्या रस्त्याने हाडे खिळखिळी करीत यावे लागे. आता बोगद्यामागून बोगदा येतो, मधूनच एखादी खाडी चमकून जाते, आणि सकाळी कुडाळला उतरून एस.टी.त बसले की तासाभरात मालवण.

मालवणचा समुद्र प्रथम दिसला तो किल्ल्यासह. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा प्रारंभ केला आणि तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी त्याची पूजा झाली. खवळलेल्या समुद्रात तट टिकावा म्हणून पायात शिसे ओतले. चहूंकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दरवाजा असा वळणात दडविलेला की समोर येईपर्यंत दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. परंतु तटाखालच्या खडकांवर दुसरा एक गड आहे आणि तो कोणा राजाने बांधलेला नाही, हे मला मुलीने होडीत बसल्यावर सांगितले.

तो गड प्रवाळांचा. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढे ते जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते; ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि घरभाडे म्हणून त्यातले बरेचसे यजमानाला देते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडतात. १९९८ साली जगभर असे झाले. पुन्हा २०१० मध्ये, २०१४ ते २०१७ या काळात, आणि २०२४ च्या एप्रिलात शास्त्रज्ञांनी चौथा जागतिक प्रकोप सुरू असल्याचे जाहीर केले. मालवणचा हा सागरी प्रदेश १९८७ सालीच अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र एकोणतीस चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे आणि किल्ल्याभोवतालचा भाग त्याच्या गाभ्यात येतो.

येथे एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिल्याच सायंकाळी किनाऱ्यावर एका माणसाने आम्हांस गाठले. दर अगदी कमी. “आत्ता चला, अर्ध्या तासात फोटोसकट परत आणतो,” असे तो म्हणाला. माझे वय त्याने विचारले नाही, प्रकृती विचारली नाही, आधी सराव देणार का या प्रश्नावर “त्यात शिकण्यासारखे काय आहे?” असे उलट विचारले. मी पैसे काढण्याच्या बेतात होतो. एकदाचे उरकून टाकावे, असे मला झाले होते. तोच मुलगी पुढे झाली. तिने नळी हातात घेऊन पाहिली, टाकीतील हवेचा काटा दाखवा म्हणाली, एका प्रशिक्षकाबरोबर किती माणसे उतरतात ते विचारले. उत्तरे टाळाटाळीची येताच ती शांतपणे म्हणाली, “मग आम्हांला नको.” आणि मला म्हणाली, “चला बाबा.”

वाचकहो, मी तिच्या मागून वाळूतून चालत होतो आणि मनात लाजत होतो. इतकी वर्षे मला वाटत होते की धोका ओळखणारा मी आणि बेफिकीर ती. प्रत्यक्षात भिऊन घाई करणारा मीच होतो, आणि धोका नीट पारखून नको म्हणणारी ती होती. भीती आणि सावधगिरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा मी पस्तीस वर्षे वर्गात शिकविला असेन. शिकलो मात्र त्या सायंकाळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशी करून एका चांगल्या केंद्रात गेलो. मालवणपासून जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विषयाची प्रशिक्षण संस्था आहे. गावात खाजगी केंद्रेही पुष्कळ आहेत. आम्ही गेलो तेथे प्रथम एक फॉर्म भरून घेतला. दमा आहे काय, हृदयविकार आहे काय, कान फुटला होता काय, सध्या सर्दी आहे काय? डॉक्टरांचा दाखला त्यांनी दोनदा वाचला. मग उथळ पाण्यात सराव सुरू झाला.

या साधनाचा इतिहास मोठा रंजक आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमील गान्यां या दोघांनी अशी झडप सिद्ध केली की पाणबुड्या जेवढा श्वास ओढील तेवढीच हवा, तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाला जुळणारी, त्याला मिळावी. टाकीत निव्वळ प्राणवायू असतो असा अनेकांचा समज आहे. असते ती आपली रोजचीच हवा, पण मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे शंभरपट दाबाने कोंडलेली. दर दहा मीटरांना पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि तो सर्वांत आधी कानाला कळतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की कान मोकळे होतात. पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून तर्जनी आणि अंगठा जुळवून कडे केले म्हणजे ‘ठीक’, अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, खाली म्हणजे ‘खाली चला’. आणि नियमांचा नियम एकच: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब उतरतो आणि छातीतील हवा फुगते. ती कोंडली तर फुप्फुसाला इजा होते.

हे मला शिकविणारा तरुण कोळ्याच्या घरातला होता. त्याचे वडील रापणीला जातात. किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात जाळे टाकून साऱ्या वाडीने मिळून ते ओढायचे, ही मासेमारीची जुनी रीत. यांत्रिक नौका वाढल्यापासून रापणीला पूर्वीसारखा मासा मिळत नाही. “अभयारण्य म्हटल्यावर आमच्या पोटावर पाय येईल, असे पुष्कळांना वाटले,” तो म्हणाला. “आता मी प्रवाळ दाखवून घर चालवतो. ते मेले तर मासा नाही आणि पाहुणाही नाही.” माझा चेहरा पाहून तो अस्सल मालवणीत म्हणाला, “भियां नकात काका, मी आसंय मां!”

होडीच्या काठावर मी पाठमोरा बसलो. पाठीवर टाकी, कमरेला शिशाची वजने, तोंडात नळी. पाण्यात उतरलो आणि नऊ वर्षांचा मुलगा जागा झाला. तीच गारठवणारी मिठी, तोच कानांतला घों घों आवाज. मी अंगठा वर केला. लगेच मला वर आणण्यात आले. कोणी हसले नाही. मुलगी माझ्या शेजारी पाण्यात तरंगत होती. ती म्हणाली, “बाबा, इथूनच परत गेलो तरी चालेल. मी रागावणार नाही.” माझ्या वाट्याला जे औदार्य आले, ते मी तिला कधी दाखविले होते काय? मी दोन मिनिटे नळीतून श्वास घेत राहिलो. आत, बाहेर. आत, बाहेर. हवा येत होती. दर वेळी येत होती. मग मीच अंगठा खाली केला.

पाच-सहा मीटर म्हणजे दुमजली घराची उंची. एवढ्यात काय ते जग बदलते! कान दुखला, थोडे वर आलो, नाक धरून फुंकले, मोकळा झाला. मग पाहू लागलो. मुखवट्याच्या काचेतून प्रत्येक वस्तू आहे त्याहून जवळ आणि मोठी दिसते. तांबडा रंग पाण्यात सर्वांत आधी लोपतो. निघताना घरी मनगटाला बांधलेला लाल धागा तेथे काळपट दिसत होता. समोर गोल धोंड्यांसारखे प्रवाळ होते, जवळ गेल्यावर त्यांच्या अंगावरची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसली. काळ्या पट्ट्यांच्या इवल्या माशांचा थवा शाळा सुटल्यासारखा आला आणि गेला. एक पोपटमासा खडक कुरतडत होता. त्याच्या दातांचा आवाज खरोखर ऐकू येत होता. कपारीतून एक गोबरा मुख्याध्यापकाच्या मुद्रेने आम्हांकडे पाहत होता. अंदमानसारखे काचेइतके नितळ पाणी मालवणला नेहमी मिळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; काही हातांपलीकडे सारे हिरव्या धुक्यात विरून जात होते. पण त्या धुक्यात माझी मुलगी मासोळीसारखी सहज वळत होती. मी तिला पोहताना प्रथमच पाहत होतो. सागरतळी जे जे पाहिले त्यांत ते दृश्य मला सर्वांत मोलाचे वाटले.

एक वाईट गोष्टही पाहिली. एका ठिकाणी प्रवाळाचा मोठा तुकडा मोडून पडला होता. नांगर पडल्याने किंवा कोणी उभे राहिल्याने असे होते, असे नंतर कळले. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारे ते घर; मोडायला एक पाऊल पुरे. प्रवाळ तोडणे वा बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे खरे. पण पाण्याखाली पोलीस नसतो. तेथे आपले आपणच शहाणे असावे लागते.

सायंकाळी घरगुती मुक्कामी तांदळाची भाकरी, माशाचे सार आणि सोलकढी यांचे जेवण झाले. अंगणात माडाखाली बसून मी मुलीला विचारले, “कोह ताओला पोहण्याची परीक्षा असते काय?” ती म्हणाली, “असते. दोनशे मीटर पोहायचे आणि दहा मिनिटे आधाराशिवाय तरंगायचे.” मी म्हणालो, “ते तुला येते. पण जिथे शिकशील तिथला हवेचा काटा आधी पाहा.” ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पाहीन, बाबा.” परवानगी दिली, असे शब्द मी उच्चारले नाहीत, तिनेही मागितले नाहीत.

वाचकहो, तुम्हांपैकी कोणास असा योग आला, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. समुद्र शांत असतो तो पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात हे सारे बंद असते. प्रकृतीविषयी काही लपवू नका आणि सर्दी असताना उतरू नका. पाण्याखालून आल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नका. आगगाडीला ही अडचण नाही. आणि कशालाही हात लावू नका. कोकण दूर पडत असेल तर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे, लक्षद्वीप आहे, अंदमानात २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणून ओळखले जाणारे स्वराज द्वीप आहे. आपल्या देशाला समुद्र एका बाजूने नव्हे, तीन बाजूंनी लाभला आहे.

एप्रिलात आमची धाकटी मैत्रिणीसह कोह ताओला जाऊन आली. प्रमाणपत्र घेऊन आली, उन्हाने रापून आली, आणि आणलेल्या वस्तूंत एकही शिंपला नव्हता. माझे म्हणाल, तर आठवड्यातून तीन दिवस पहाटे मी रायपूरच्या जलतरण तलावावर जातो. शिकविणारा मुलगा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा आहे. तो मला ओरडतो आणि मी ऐकतो. अजून दहा हात पोहलो की दम लागतो. परवा गमछा खांद्यावर टाकून परत येताना शेजारच्या दुकानाच्या मालकांनी पुन्हा विचारले, बुडालात की नाही? मी म्हणालो, अजून नाही; पण आता हातपाय मारता येऊ लागले आहेत.